पांढरी सहाचा सा

पातूरच्या महिला भजनी मंडळात जमुना वीस वर्षं पेटी वाजवत होती. घरचा फुलांचा मळा. सकाळी शेवंती तोडायची, संध्याकाळी पेटी. कुणी गायला लागलं की ती क्षणभर कान देई आणि सांगे, "पार्बताबाईले पांढरी सहा." म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीवर सा धरायचा. तिचा अंदाज कधी चुकला नाही.

मग धाकटी जाऊ साधना घरात आली. अमरावतीला कीबोर्डच्या परीक्षा दिलेली. ती सी मेजर, डी मायनर अशी पाश्चात्त्य संगीतातली नावं घेऊ लागली आणि बायका भारावल्या. अमरावतीच्या स्पर्धेत पेटीऐवजी कीबोर्डच न्यायचा, असं ठरलं. मंचावर जमुनाच्या हाती फक्त टाळ येणार होते. त्या दिवसापासून साधनाची लांबसडक बोटं दिसली, तरी ती मनातून जळे.

स्पर्धेच्या दुपारी साधनाने विचारलं, "बाई, या भजनात काळी पट्टी एकबी नाही. म्हणजे सी मेजरच ना? सा पांढरी एकचा देऊ?"

चूक जमुनाला तेव्हाच कळली. सरावात सा अजून तिची पेटीच देई, म्हणून ती झाकली गेली होती.

"तुले जास्त समजते," ती म्हणाली.

मंचावर साधनाने वरच्या सप्तकातल्या पांढरी एकचा सा दिला. मुख्य गाणाऱ्या पार्बताबाईंनी तोच धरला आणि भजन नेहमीपेक्षा काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या वर चढलं. कीबोर्ड सरावातल्याच पट्ट्यांवर, गाणं दुसरीकडे. अंतऱ्यात सत्तरीच्या पार्बताबाईंचा आवाज फाटला. लोक हसले. जमुनाला आधी बरं वाटलं. मग पार्बताबाईंनी पदराने तोंड झाकलं, आणि तिने टाळ खाली ठेवले.

दोन दिवसांनी मळ्यात साधनाने विचारलं, "माझं काय चुकलं, बाई?"

"पट्ट्या मोजू नको. गाणं फिरून फिरून कुठं टेकते ते आईक. तो सा. हे पांढरी सहावर टेकते. तिथून ग, ध, नी कोमल लागतात. आमचे गुरुजी याले आसावरी थाट म्हणत."

साधना गुणगुणली, थबकली. "म्हणजे ए मायनर! पट्ट्या सी मेजरच्याच, पण घर दुसरं." मग तिचा चेहरा उतरला. "तुमाले त्या दिवशीच मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"जळून राहिली होती मी तुह्यावर."

साधना टोपली तिथंच टाकून निघून गेली. पंधरा दिवस अबोला. जमुनाने पार्बताबाईंच्या दारी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण तिला आत बसायला सांगितलं नाही.

मंडळ पुन्हा बसलं, तेव्हा नवीन भजन निघालं. पुन्हा पेटीपाशी बसलेल्या जमुनाने कान दिला, पण तिच्या आधी साधना बोलली, "काळी एक."

बायकांनी जमुनाकडे पाहिलं. सा अगदी अचूक होता, आणि जमुना मनातून पुन्हा तशीच जळली.

"बरोबर हाय," जमुना म्हणाली आणि तिने पेटीचा भाता उघडला.