शनिवारची सतरंजी आणि शोभाताई

धाडजवळच्या आमच्या शाळेत मी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात शोभाताई इंगळे यांची ओळख झाली. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. चित्रकलेच्या खोलीत पंधराएक मुली सतरंजीवर गोल करून बसल्या होत्या आणि त्यांच्यातच ताई. मी दारातूनच थट्टा केली, "हे काय, भजनी मंडळ?" ताई हसल्या. "बसा न सर. फक्त शिकवू नका."

ताई मराठी शिकवत. समुपदेशनाचं प्रशिक्षण त्यांनी स्वतःच्या सुट्ट्या खर्चून घेतलं होतं. त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येकीने आठवड्यातलं एक सलणारं आणि एक जमलेलं सांगायचं. शेजारणीने ते तिच्याच शब्दांत परत म्हणायचं, सल्ला द्यायचा नाही. आणि सतरंजीवरचं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही. वर्षभरात फळ्यासमोर थरथरणारी एक मुलगी माझ्या तासाला हात वर करून म्हणाली, "सर, मले नाही समजलं. पुन्हा सांगा." मला रागच आला होता, हे कबूल करतो. तिला किती बळ लागलं असेल, हे ताईंनी सांगितल्यावर कळलं.

पुढे मीही सतरंजीवर बसू लागलो. एका शनिवारी नववीतली एक मुलगी आपल्या वडिलांबद्दलची मनातली लाज बोलली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. एकदा मी ते खोलीबाहेर सांगून बसलो, तेवढं पुरे. आठवडी बाजारात तिचे वडील भेटले आणि मी त्यांना बाजूला घेऊन दोन शहाणपणाच्या गोष्टी ऐकवल्या. पोरीचं भलं करतोय असंच मला वाटत होतं. सोमवारपासून ती शाळेत आली नाही.

ताई तिच्या घरी गेल्या, सोबत मी होतो. वडील दारातूनच गरजले, "बाई, आमच्या घरची धुणी तुम्ही शायेत धुता काय?" मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे, दादा. पोरीले शाळेत पाठवा." त्यांनी पाठवलं नाही. महिन्याभरात तिला संग्रामपूरकडे मावशीकडे धाडलं.

परतताना मी विचारलं, "ताई, काऊन असं केलं?" त्या म्हणाल्या, "तुमच्याजवळ दहावीचा वर्ग आहे. पोरींचा तुमच्यावरचा भरवसा गेला तर त्या गणितही सोडतील. मायं काय, मी जुनी झाली." मी गप्प राहिलो. सोयीचं होतं ते. ताईंनी दारात चूक कबूल केल्याचं गावभर झालं, शाळेतल्या सगळ्या मुलींनी धरून चाललं की बाईंनीच सांगितलं, आणि मी त्यांना तसं धरू दिलं.

ताई निवृत्त झाल्या तरी शनिवारी येतात, सतरंजी झटकून अंथरतात. चार-पाच मुली बसतात. एकेक जण म्हणते, "माझं बरं आहे." शेजारीण म्हणते, "तिचं बरं आहे." दहा मिनिटांत फेरी संपते. बाईंजवळ बोलायचं नाही, हे मोठ्या बहिणी धाकट्यांना सांगून ठेवतात. शाळेत त्या मुलींचे पडलेले चेहरे मी रोज पाहतो. माझ्या हातून जे मोडलं ते आता सांधेल, असं मला वाटत नाही.

ताईंना न विचारता हे लिहितो आहे, विचारलं असतं तर त्यांनी लिहू दिलं नसतं. या गौरवग्रंथाची वाचक असलेल्या आमच्या प्रत्येक माजी विद्यार्थिनीला सांगतो: बाईंनी नाही, मी सांगितलं होतं. त्या मुलीने हे वाचावं, अशी आशा धरण्याचाही मला हक्क नाही.

शोभाताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि त्या आयुष्यात एक तरी शनिवार असा येवो, की सतरंजीवरची एखादी पोर मान वर करून म्हणेल, "बाई, मायं बरं नाही."