एकदाणीवर माझी हरकत

नातीने कोर्टातून सासूबाईंच्या मृत्युपत्राची, म्हणजे कोर्टाने ते मंजूर केल्याची, प्रोबेटची फाइल काढून आणली. तिला घराण्याची वंशावळ मांडायची आहे. जमिनीच्या कागदांत नुसते बापे असतात. मृत्युपत्रात मात्र कोणाला काय दिलं ते लिहावं लागतं, म्हणून बायका तिथे सापडतात, असं तिचं म्हणणं.

शहरात, बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिने टेबलावर मोठा कागद पसरला. सासूबाईंच्या खाली दोन मुलगे आणि एकच सून: माझी थोरली जाऊ. ‘माझी गळ्यातली सोन्याची एकदाणी थोरल्या सुनेस.’ तेवढ्या एका ओळीवर बाई वंशावळीत जाऊन बसल्या!

शहात्तराव्या वर्षी मी पुन्हा भडकले.

“माहं नाव लिही ना. समोर बसून राहिली मी!”

“पुरावा पाहिजे, आजी,” ती पानं उलटत म्हणाली आणि थांबली. “हे अक्षर तुझं?”

माझंच होतं. तेव्हा पेपरात कोर्टाची नोटीस आली होती, ‘कोणाची हरकत असल्यास कळवावे.’ लग्न झाल्यापासून माझी हरकत कोणी विचारलीच नव्हती. मी दाढ दुखते सांगून नरखेडहून एस.टी. पकडली आणि कोर्टात तीन पानांचा अर्ज देऊन आले. ‘सासूबाईंचे चित्त ठिकाणावर नव्हते. असते, तर वरणात मीठ विसरणाऱ्या बाईस त्यांनी एकदाणी दिली नसती.’ काय ती अक्कल! खाली शेरा: ‘अर्जदार वारस नाहीत. नामंजूर.’

नातीने हसत गावी जावेला व्हिडिओ कॉल लावला आणि अर्ज अख्खा वाचून दाखवला. मी पदराआड.

“मले तेव्हाच माहीत होतं वं,” जाऊ म्हणाली. “भाऊजींनीच सांगितलं होतं.”

म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं! आणि दाढेला लवंग आणून देत होते.

“मग काहून बोलल्या नाही, बाई?”

“तू अबोला धरला होता. घरात किती शांत वाटे!”

नातीने माझं नाव कागदावर चढवलं. पुरावा म्हणून तिन्ही पानं बाजूला चिकटवली.

“पोरी, माह्या नावाजवळ किती लिहिलं?” जावेने विचारलं.

“एक ओळ.”

ती फोनच्या जवळ सरकली. “थोडं वाढवून दे ना.”

मी झटकन फोन कापला.