अंबूबाईंची गाठ आणि विम्याचा दवाखाना

“गर्भाची पिशवी काढावी लागेल,” मी म्हणाले.

“मग काढा की,” अंबूबाई म्हणाल्या. “किती घेणार तेवढं सांगा. घरच्या मालकास्नी सांगून ठेवते.”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात गिरणीच्या चाळींना लागून माझी प्रॅक्टिस होती. दोन खोल्या, तपासायचं एक टेबल, उकळून घ्यायच्या काचेच्या सिरिंजा. तिथे ऑपरेशन करायचं तर आधी मलाच भोवळ आली असती.

अंबूबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, म्हणजे सूत बॉबिनवर गुंडाळायचं काम. चाळिशी ओलांडलेली, लेकीचं लग्न झालेलं. घरात तेलुगू आणि बाहेर आपलं सोलापुरी मराठी. बरेच महिने त्या माझ्याकडे ‘अशक्तपणा’ म्हणून यायच्या. टॉनिक घ्यायच्या, रोख फी द्यायच्या आणि तपासायचं म्हटलं की उद्यावर ढकलायच्या. त्या दिवशी मशीनवरच चक्कर येऊन पडल्या. बरोबरीच्या बायकांनी रिक्षात घालून आणलं, तेव्हा कुठे पोटाला हात लावू दिला, आतून तपासू दिलं.

पोट पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखं होतं, पण आत मूल नव्हतं. फायब्रॉइड होता. गर्भाशयाच्या भिंतीत वाढणारी ही मांसाची गाठ. बहुधा कॅन्सर नसतो, पण पाळीला इतकं रक्त जातं की बाई आतून रिकामी होत जाते. अंबूबाईंच्या पापण्या खाली ओढल्या तर आतून कागदासारख्या पांढऱ्या. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल भाग, असायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं.

“ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात होईल,” मी म्हणाले. “तुमचा कामगार विमा आहे ना?”

त्यांनी तोंड फिरवलं.

कामगार विमा म्हणजे काय, ते सांगते. कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, गिरणीने त्यात आपले घालायचे. बदल्यात दवाखाना, औषध, ऑपरेशन फुकट. शिवाय आजारपणाच्या रजेत साधारण अर्धा पगार मिळायचा. मात्र रजेचं सर्टिफिकेट विम्याच्याच डॉक्टरचं लागायचं. माझ्या सर्टिफिकेटवर छदामही मिळाला नसता. खाजगीत ऑपरेशन करून वर दोन महिने बिनपगारी घरी बसायचं, हे त्या घराला झेपणारं नव्हतं.

“तितं न्हाय जायची,” अंबूबाई म्हणाल्या. “मेले तरी न्हाय.”

“का पण?”

अंबूबाईंनी दाराकडे पाहिलं. मग सोबत आलेल्या बाईला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं.

“गेलते एकदा. तितं खिडकीवर सांगावं लागतंय, काय होतंय ते. मागं सगळी रांग. आमच्या खात्यातले गडी, मालकांच्या खात्यातले. मी हळू बोलले तर खिडकीतला वरडला, मोठ्यानं बोला म्हणून. मग माझ्या पोटाकडं बगितलं आनि म्हनला, आता ह्या वयात कितवा म्हैना, बाई? सगळी हसली. जावई येतोय माझ्या घरी, डाक्टरीनबाई. चाळीत तोंड कसं दाखवू?”

त्या दिवसापासून घरात विमा असताना ही बाई पदरचे पैसे देऊन माझ्याकडे येत होती. तिचा आजार वाढत होता, आणि चाळीला मात्र ती गरोदर वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी विम्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मेडिकल ऑफिसरांना आपण डॉ. हिरेमठ म्हणू. वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा, अक्कलकोटकडचे. आमची ओळख नव्हती. समोर पेशंटांचा घोळका होता.

“तुम्हीच का त्या?” ते म्हणाले. “आमचे अर्धे पेशंट तुमच्याकडे जातात म्हणे.”

“एक परत द्यायला आले आहे, सर.”

त्यांना हसू आलं नाही. मी सगळं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. मला वाटलं, आता हे आपल्या माणसाची बाजू घेतील आणि मला दार दाखवतील. ते चष्मा पुसत राहिले.

“हॉस्पिटलला रेफर करायचं तर मी पेशंट तपासला पाहिजे,” ते म्हणाले. “न तपासता तपासला असं मी लिहिणार नाही.”

“ती पुरुष डॉक्टरांना हात लावू देणार नाही.”

“मग कसं करायचं?”

“मला माहीत नाही, सर. पण तिचं रक्त आता फार दिवस पुरणार नाही.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “उद्या दुपारी आणा. ओपीडी उठल्यावर. खिडकीकडे जायचं नाही, मागच्या बाजूने या. आणि तुम्ही थांबायचं.”

अंबूबाईंना तयार करायला मला ऑपरेशनइतकाच घाम फुटला. शेवटी त्यांचे यजमान उपयोगी पडले. व्यंकटी त्यांचं नाव, लूमवर काम करायचे. घरात फारसं न बोलणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, “चाळ काय बी म्हनंल. मला तू पायजे.” अंबूबाई रडल्या आणि चपला घालून उभ्या राहिल्या.

दुपारी दवाखाना रिकामा होता. डॉ. हिरेमठ खुर्चीतून उठून उभे राहिले. बाईमाणूस पेशंट आली म्हणून उठलेला सरकारी डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता.

“बसा बाई,” ते म्हणाले. “हा दवाखाना तुमच्या पगारातून चालतो. माझा पगारसुद्धा. तेव्हा इथं तुम्ही लाजायचं काही कारण नाही.”

“मग खिडकीतला हसतोय कशापायी?” अंबूबाईंनी ताडकन विचारलं.

“ते चुकलं,” हिरेमठ म्हणाले. “त्याच्या वतीने मी माफी मागतो.”

अंबूबाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

त्यांनी नाडी बघितली. नखं, पापण्या बघितल्या. मग मला म्हणाले, “तुम्ही पोटावर हात ठेवा.” मी ठेवला. माझ्या हाताशेजारी, लुगड्यावरूनच, त्यांनी आपली बोटं टेकवली. गाठ एवढी मोठी होती की तेवढंही भरपूर झालं.

“माझी तपासणी झाली. आतली तपासणी तुम्ही केलीत तसं तुमच्या नावाने लिहितो. चालेल?”

मी खाजगी डॉक्टर. माझ्या शब्दावर सरकारी कागदात भरवसा ठेवायची त्यांना काही गरज नव्हती. नियमाकडे बोट दाखवून ते मोकळे झाले असते. शिवाय ‘माझा पेशंट तुम्ही इतके दिवस का ठेवलात,’ असंही विचारू शकले असते. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. हॉस्पिटलच्या लेडी सर्जनला त्यांनी स्वतः फोन लावला.

ऑपरेशनआधी रक्त चढवायचं होतं. तेव्हा रक्त द्यायचं म्हटलं की धट्टीकट्टी माणसं गावाला निघून जायची. व्यंकटींनी स्वतःचं दिलं आणि आपल्या खात्यातले दोन गडी आणले. त्यातला एकजण त्या दिवशी खिडकीच्या रांगेत होता, असं अंबूबाई नंतर म्हणाल्या. तो हसला होता का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. सर्टिफिकेट वेळेवर मिळालं, अर्धा पगार घरी येत राहिला. अंबूबाई पुन्हा कामावर गेल्या तेव्हा गालांवर रंग होता. हिरेमठांनी आठवड्यातली एक दुपार फक्त बायकांसाठी ठेवली आणि काय होतंय ते विचारायला खिडकीऐवजी एक नर्स आत बसवली. त्यासाठी वरून हुकूम आला नव्हता. त्यांनी आपलं सुरू केलं आणि ते चालत राहिलं. काही अडलं तर मी त्या दुपारी जाऊन बसायचे. बायकांच्या तक्रारी ऐकायला मी खरी शिकले ती तिथेच. हिरेमठ आज नाहीत. त्यांचे उपकार मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

माझ्या दवाखान्यातली गर्दी साहजिकच जरा कमी झाली. अंबूबाई मात्र अधूनमधून येत राहिल्या.

“आता विम्यात जाता ना?” मी एकदा विचारलं.

“जाते की. औषद तितलंच. चांगलं हाय.”

“मग इथं कशाला?”

“तितं सांगून झालं की उटावं लागतंय. हितं जरा बसता येतंय.”

फुकट मिळत असताना माणूस पैसे देऊन डॉक्टरकडे का जातो, असं मला नवे डॉक्टर विचारतात. मी सांगते, औषधासाठी क्वचितच. त्याला काय हवंय ते आधी विचारा, आणि ते फुकटच्या दवाखान्यातही ठेवा. तसं करायला खर्च येत नाही.