उंबऱ्यावरचं लिंबू

वादळानं आमच्या सापगावच्या घराचे पत्रे उडाले. गावात वीज आल्याचं कळताच मी फोन चार्ज करायला चार्जर घेऊन घरी परतलो, तर उंबऱ्यावर कुंकू माखलेलं, कापलेलं लिंबू! पाय जागीच थबकला. समोरच्या ओट्यावर एक अनोळखी म्हातारी मिश्री लावत बसली होती. मिश्रीचं बोट दातांवरून न काढताच ती खुदकन हसली.

“मीच ठेवलं रे. भिंती ओल्या हायत, बटणाला हात लावू नको, असं सांगून कोण ऐकतो? करंटला कोणी भीत नाय. लिंबाला सगले भितात.”

थोड्या वेळानं वायरमन आला. खांबावर चढून त्यानं आमची लाइन बेधडक तोडली. मग लिंबाला लांबून वळसा घालून तो वायरिंग तपासायला मागच्या दारानं घरात शिरला.