खुरपणीच्या बायकांना पत्रिका

मोठ्या भावाला कारकुनाची नोकरी लागली आणि वर्षभरात त्याचं लग्न ठरलं. आमच्या घरात छापील पत्रिका पहिल्यांदाच आल्या होत्या. वडील नावं सांगत होते, मी पाकिटांवर लिहीत होते. भावाचे साहेब, गुरुजी, सोनपेठचे पाहुणे झाल्यावर आई म्हणाली, "आता माझ्या खुरपणीच्या बायका लिही."

"त्यांना तोंडी सांग की," वडील म्हणाले. "वाचता कुठं येतंय त्यांना?"

"तोंडी सांगावा कामाला आसतोय. लग्नाला पत्रिकाच द्यायची, एकेकीच्या नावानं."

त्या टोळीत आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका होत्या, तशा गावातल्याही. विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव ताणलेलं होतं, तरी त्या एका रांगेत खुरपत होत्या.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर मी घरोघर गेले. गावातल्या एका म्हातारीनं पाकीट उलटसुलट करून विचारलं, "काय लिवलंय?" मी तिचं नाव वाचलं. सारं गाव तिला पोराच्या नावानंच हाक मारायचं.

"ह्ये माजंच का?" म्हणत तिनं पदराला हात पुसला आणि मग अक्षरांवर बोट ठेवलं.

लग्नात सगळ्याजणी एकाच पंगतीला बसल्या. साहेबांनी विचारलं, "या कोण?"

भाऊ म्हणाला, "माझ्या आईच्या सोबतिणी. यांच्याबरोबर खुरपूनच तिनं मला शिकवलं."

माझी मान ताठ झाली. वडिलांनी बुंदीची बादली उचलली आणि ते स्वतः त्या पंगतीत वाढायला गेले.