शांतेची पकड

नर्स सुई लावायला वाकली आणि शांतेने तिचं मनगट धरलं. तीच जुनी पकड! शांता आमच्या गावच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन. मी स्वतःला वीज समजायची आणि पहिल्याच चढाईत तोंडावर आपटायची. तालुक्यापलीकडे आम्ही कधी गेलोच नाही. दर उन्हाळ्यात एकीचं लग्न व्हायचं. माझं ठरलं तेव्हा मी वेडी मैदानावर पेढे वाटत सुटले. हरून मोडला असता तर परवडलं असतं; आमचा संघ एकेक जागा रिकामी होत संपला. आता आम्ही दोघीच, आणि डॉक्टर म्हणतात, आज नाहीतर उद्या.

"सोड गं शांते, ही आपल्याच बाजूची आहे."

"मग समोर कोण आहे?" तिने विचारलं.

मी तिचा दुसरा हात धरला, साखळी करताना धरायचो तसा.