सत्तावन्न कसे संपवायचे

खोलीतल्या इतरांना कळत नाही अशा भाषेत तुम्ही शेवटचं काय बोललात, आणि तेच त्यांच्या तोंडावर त्यांच्या भाषेत सांगायची तुमची तयारी आहे का?

माझी नव्हती.

लुडविग्सहाफेनमध्ये आमच्या घरामागच्या क्नाइपेत, म्हणजे कोपऱ्यावरच्या बिअरच्या अड्ड्यावर, दर मंगळवारी संध्याकाळी डार्ट खेळतात. पाचशे एकपासून उलटं शून्यावर यायचं. शेवटचा बाण बाहेरच्या अरुंद पट्टीत, म्हणजे आकडा दुप्पट धरतात त्या डबलमध्येच लागला पाहिजे. वीस, पाच आणि एक असे बाण पडून सव्वीस झाले की सगळे ‘वाशमाशीनं’, म्हणजे ‘वॉशिंग मशीन’ म्हणून ओरडतात. का, ते मला कोणी धड सांगू शकलं नाही. खेळाआधी हात मिळवून ‘गुट डार्ट’ म्हणायचं. आणि हरलेल्याने पुढच्या डावाचे गुण फळ्यावर लिहायचे. या लिहिणाऱ्याला श्रायबर म्हणतात. विचारलं तर त्याने उरलेला आकडा सांगायचा, तो कसा संपवायचा हे नाही.

मी बहुतेक वेळा हरायचे, म्हणून बहुतेक वेळा लिहायचे. सुरुवातीला मला ही हरणाऱ्याला दिलेली शिक्षा वाटली. माझे वडील कारखान्याच्या गेटवर निषेधाची पत्रकं वाटत, मी वाचायला शिकले ती त्यांवरच. या प्रथेविरुद्धही एक पत्रक मी मनातल्या मनात लिहून ठेवलं होतं. पुढे लक्षात आलं, फळ्याजवळच्या माणसावर दोन्ही बाजू डोळे मिटून विश्वास ठेवतात. शिक्षा म्हणून असं काम कोणी कोणाला देत नाही.

मला तिथे नेलं दादाने. तो सख्खा भाऊ नव्हे, माझ्या ऑफिसातला, चिंचवडचा इंजिनिअर. कंपनीत आठ वर्षं काढली, पण शहरात त्याला नावाने हाक मारणारी माणसं याच क्नाइपेत होती. संघात एक जागा रिकामी झाली, तेव्हा मालकीणबाई, ज्या कप्तानही आहेत, त्याला म्हणाल्या, “आज जिंकलास तर हंगामभर तू.”

समोर पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त आजोबा होते. शेवटच्या डावात दोघंही जवळ आले. मी फळ्याशी.

“रेस्ट?” किती उरले, असं दादाने विचारलं. मी जर्मनमध्ये सत्तावन्न सांगितले. तो रेषेवर तसाच उभा राहिला, मग मराठीत म्हणाला, “अगं, कसे संपवू? डोकंच चालेना.”

“सतरा मार. मग सरळ वरच्या पट्टीत, विसाच्या डबलमध्ये.”

सतरा लागला. दुसरा बाण बाहेर गेला. तिसरा वरच्या पट्टीत, आणि डाव दादाचा.

आजोबांनी हात मिळवला आणि हसत विचारलं, “काय म्हणाली ही?”

“म्हणाली, घाबरू नकोस,” दादा म्हणाला.

“छान,” आजोबा म्हणाले. त्यांना ते खरंच वाटलं. तिथे मला गप्प राहवेना. मी काय बोलले होते ते जर्मनमध्ये, शब्दाला शब्द सांगितलं.

मालकीणबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. आजोबांनी फळ्याकडे बोट दाखवलं. “आल्झो, चला तर, सत्तावन्नपासून पुन्हा,” ते म्हणाले. दादाचे तिन्ही बाण चुकले. आजोबांनी पुढच्याच फेरीत डाव संपवला.

ट्रामच्या थांब्यावर दादा म्हणाला, “तत्त्वं तुझी, जागा माझी. सोयीचं आहे तुझं.”

“चूक माझी होती,” मी म्हणाले.

“मग तुझं काय गेलं? गेली ती माझी जागा.”

जागा दुसऱ्याला मिळाली. दादा आता ऑफिसात कामापुरतं बोलतो आणि मंगळवारी येत नाही. सांगितल्याचा मला पश्चात्ताप नाही. सांगायची वेळ आणली, त्याचा आहे. तो विचारत होता तेव्हाच गप्प राहिले असते तर कदाचित हरला असता, पण पुढच्या मंगळवारी आला असता.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही कुठेही गुण लिहायला उभे असाल आणि आपलं माणूस आपल्या भाषेत वाट विचारेल, तेव्हा फक्त आकडा सांगा. दोघांना कळेल अशा भाषेत, दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.